आठ दिवसांचा खाडा

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी आई स्वयंपाकघरात ओट्यासमोर पडली. गॅसवर चहाचं आधण होतं. आबा, म्हणजे आमचे वडील, पुढच्या खोलीत दाढी करत होते. भांडं पडल्याचा आवाज आला, पण पाठोपाठ आईची हाक आली नाही, म्हणून ते उठून आत गेले. आईची उजवी बाजू गेली होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता. रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झाला, असं दवाखान्यात सांगण्यात आलं. रक्तदाबाची गोळी रोज घेत होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं.

आबा म्हणाले, "गोळीचा खाडा केलता तिनं."

डॉक्टरांना ते समजलं नाही.

खाडा म्हणजे गैरहजेरी. गडी कामावर आला नाही, पोरानं शाळा बुडवली, की कोल्हापुरात खाडा केला म्हणतात. आईनं तो शब्द वस्तूंना लावला होता. घरातली एखादी वस्तू संपली की ती लगेच आणायची नाही. सोमवार ते सोमवार तिच्यावाचून काढायचं. आठव्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी आई सगळ्यांना समोर बसवून विचारायची, "पडला का फरक?" ज्याला पडला असेल त्यानं काय पडला ते सांगायचं. तिला पटलं तर वस्तू दुसऱ्या दिवशी परत यायची. नाही पटलं तर ती घरातून कायमची जायची. किमतीची चर्चा आमच्या घरात फारशी होत नसे. किंमत दुकानात ठरायची. पैसे फिटले की नाही, ते घरात ठरायचं.

आई दवाखान्यात गेली तेव्हापासून मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत मी पुन्हा राहतो आहे. स्वयंपाक माझ्याकडे आहे. ओट्यावरच्या फळीवर आईचे डबे आहेत, पितळेचे, मग स्टीलचे, मग बोर्नव्हिटाचे. डाळ शोधताना चुकीचा डबा उघडतो आणि त्यातून काहीतरी जुनं वर येतं. एका डब्यात आता रवा आहे, पण झाकणाला आतून अजून हिंगाचा वास आहे.

हिंगाचा खाडा पावसाळ्यात झाला होता. त्या आठवड्यात ऊन पडलं नाही. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, पोत्याचं पायपुसणं ओलंच होतं आणि काड्यापेटी आई पदरात गुंडाळून ठेवायची. जिन्यात शेवाळ्याचा वास, खोलीत रॉकेलचा वास, आणि आमटीला कसलाच वास नाही. रोज संध्याकाळी फोडणी तडतडायची आणि आम्ही तिघं नकळत मान वर करायचो. मग पुढचं काही यायचं नाही. आठव्या दिवशी माझी थोरली बहीण सुमन म्हणाली, "आये, आमटी आंधळी झाल्यागत वाटती." आईनं थोडा विचार केला आणि आबांना म्हणाली, "उद्या येताना लक्ष्मीपुरीतनं हिंग आणा." दुसऱ्या दिवशीच्या फोडणीचा वास जिन्यात गेला, खालच्या मजल्यावर गेला. खालच्या मालूकाकू पदराला हात पुसत वर आल्या. "काय वैनी, सुटलं व्हय सुतक?"

आमच्या लहानपणाचे जे वास मला आठवतात ते बहुतेक असे, वस्तू परत आल्याच्या दिवसाचे आहेत. रोज घरात असलेल्या गोष्टींचे वास आठवत नाहीत.

दुधाला आणि तिखटाच्या चटणीला खाडा नव्हता. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं दूध डोळ्यांदेखत काढून मिळायचं, ते आबा पितळी कासंडीतून आणायचे. सणाच्या वस्तूंनाही खाडा नव्हता. बेंदराची मातीची बैलजोडी, दिवाळीचं उटणं, यांचा वर्षभर खाडाच असतो, असं आईचं म्हणणं होतं. बाकी सगळ्यांची पाळी आली. निळीची आली, टाल्कम पावडरची आली, वर्तमानपत्राची आली. वर्तमानपत्र गेलं ते परत आलं नाही. आबा मालूकाकूंकडे जाऊन वाचू लागले आणि आईनं तेच फरक न पडल्याचा पुरावा म्हणून धरलं.

चहाचा खाडा एकदाच झाला. आबा उद्यमनगरात लेथवर काम करायचे. चार दिवस ते सकाळी न बोलता जायचे आणि संध्याकाळी न बोलता जेवायचे. घरात गवती चहाचा नुसता काढा उकळायचा आणि खिडकीची काच धूसर व्हायची. पाचव्या दिवशी आबा जिन्यातून गुणगुणत आले.

आई म्हणाली, "पिऊन आलासा."

"काय?"

"च्या."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमचं त्वांड सांगतंय. चार दिस वाळल्या दोडक्यावानी हुतं. आज फुललंय."

"आगं, कारखान्यात कुणीतरी दिला, नगं कसं म्हणायचं?"

"मोडला खाडा. सोमवारपासनं पुन्ना."

सुमननं कपाळावर हात मारला. खाडा पुन्हा पहिल्यापासून झाला. आबांनी तो पाळला. चहा परत आला त्या संध्याकाळी आईनं आलं ठेचून घातलं, बशा काढल्या आणि आबांना पहिली बशी दिली. ते फुंकर घालून प्यायले आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "फिटलं." तो शब्द आमच्या घरात मोठा होता. आबांची पायातली वहाण झिजून तिचा अंगठा तुटला की आई ती उलटी करून तळ बघायची आणि म्हणायची, फिटलं. एखादं पातेलं कल्हई न घेण्याइतकं पातळ झालं की तेही फिटलं.

अगरबत्तीच्या खाड्याला आबांनी हरकत घेतली होती.

"आगं, देवाला फरक पडला का न्हाय, त्ये कुणी इचारायचं?"

"मी इचारते की."

आठव्या दिवशी आई देव्हाऱ्यासमोर खरंच बसली. बाहेर येऊन म्हणाली, "कायबी बोलला न्हाय. बोलला न्हाय म्हंजे न्हाय पडला." त्यानंतर त्या देव्हाऱ्याला तेलवातीचा आणि झेंडूच्या देठांचा तेवढा वास राहिला.

मालूकाकू आईला चिडवायच्या. जिन्यात उभ्या राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "वैनी, नवऱ्याचा खाडा करून बघा की येकदा!"

"केलता की. पन्हाळ्याला कामावर गेलतं आठ दिस."

"मग?"

"पडला फरक. म्हणून ठिवलंय."

आबा आतून खोकायचे.

सगळे खाडे हसण्यावारी गेले नाहीत. सुमन नववीत असताना तिच्या माक्याच्या तेलाची बाटली संपली. हिरव्या रंगाचं ते तेल होतं. त्याचा वास तिच्या वेण्यांना, उशीला, दप्तराच्या पट्ट्याला लागलेला असायचा. ती खोलीत नसतानाही ती कुठं बसून गेली ते कळायचं. आठ दिवसांनी तिनं सांगितलं, केस झाडूसारखे झालेत, मैत्रिणी हसतात, शेंगदाण्याच्या तेलाचा वास येतो म्हणतात. आईनं तिला पुढ्यात घेतलं, वेणी सोडली, केसांतून बोटं फिरवली, उजेडात धरून बघितलं.

"हुडकून काढाय लागतोय त्यो फरक न्हवं," ती म्हणाली.

तो तिचा नियम होता. फरक आपणहून अंगावर यायला हवा. शोधावा लागला, दुसऱ्यानं दाखवून द्यावा लागला, तर तो नाहीच. सुमन रडली. माक्याचं तेल परत आलं नाही. लग्न होऊन ती कबनूरला गेली. तिथं घरामागं रात्रंदिवस माग चालतात आणि बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. तिच्या आरशाखाली त्या तेलाच्या चार-पाच बाटल्या कायम असतात. लावते कमी, आणते जास्त.

हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की शहरात वारा कुठूनही आला तरी काकवीचा वास घेऊन यायचा. पहाटे नळाला पाणी यायचं, बादल्यांचा आवाज व्हायचा, आणि घरात काय नाही ते अंथरुणातच कळायचं. आज साबण नाही, म्हणजे आई डाळीचं पीठ कालवते आहे. आज साखर नाही, म्हणजे गूळ फोडल्याचा आवाज येईल. नसलेल्या वस्तूवरून आम्ही आठवडे ओळखायचो. निळीचा आठवडा पिवळट सदऱ्यांचा होता. बाकीचे आठवडे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत.

रक्तदाबाची गोळी आईला काही वर्षांपूर्वी सुरू झाली. पांढरी, लहान, बिनवासाची. पहिल्या दिवशी तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, हिनं काय होतं? डॉक्टर म्हणाले, काही होऊ नये म्हणून आहे ती. हे वाक्य आई घेऊन आली आणि पुढं अनेक महिने येईल त्याला ऐकवत राहिली.

"काय बी हुऊ नये म्हणून गोळी! आता काय बी झालं न्हाय, तर त्ये गोळीनं झालं न्हाय का आपसूक झालं न्हाय, कसं कळायचं?"

मालूकाकू पोट धरून हसायच्या. मीही हसलो होतो.

गोळीचा खाडा बेंदराच्या आसपास सुरू झाला, असं आबा सांगतात. पाकीट संपलं होतं आणि त्या दिवशी पाऊस होता. आईनं दुसरं आणू नका म्हणून सांगितलं. आठवडा गेला. डोकं दुखलं नाही, चक्कर आली नाही. आठव्या दिवशी घरात विचारायला आबाच होते, तेव्हा तिनं चहा ओतता ओतता स्वतःच सांगितलं, "काय बी फरक न्हाय बघा. उगंच खाल्ल्या इतकी वर्सं." पुढच्या पाच-सहा आठवड्यांत आबांनी तिला एकदाही आठवण केली नाही. निकाल लागलेल्या वस्तूचं नाव पुन्हा काढायचं नाही, हे घरात ठरलेलं होतं.

आई गणपतीनंतर घरी आली. पुढच्या खोलीत खाट टाकली, भिंतीकडे उशी केली. गोळी पुन्हा सुरू झाली. ती आबा स्वतः देतात, पाण्याचा पेला हातात धरून, गिळेपर्यंत उभे राहून. शब्दांपैकी सगळ्यात आधी 'न्हाय' परत आला. मग 'पाणी'. मग बरेच दिवस काही नाही.

व्यायाम घ्यायला एक बाई रोज सकाळी येऊ लागल्या. तरुण, बारीक, स्कूटरवरून येणाऱ्या. आल्या की हात धुऊन खाटेच्या कडेला बसायच्या आणि आईचा उजवा हात मांडीवर घ्यायच्या.

"हां आजी, उचला. मी धरलेलं नाही बरं का, तुम्हीच उचलताय. आणखी. आणखी जरा. कशा बघताय माझ्याकडं, मारणार आहात का मला?"

आईच्या कपाळावर घाम यायचा. खालचा ओठ दाताखाली जायचा. खोलीत मलमाचा उग्र वास राहायचा, दुपारपर्यंत. जाताना बाईंचे पैसे आबा तिथंच, खाटेजवळ द्यायचे. आईची नजर त्यांच्या हाताकडे असायची. काही दिवसांनी आबा ते जिन्यात जाऊन देऊ लागले. तरी दार लोटल्याचा आवाज आला की ती मान तिकडे वळवायची.

दसऱ्यापर्यंत कोपर खाटेवरून उचललं जाऊ लागलं होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी सुमननं तिच्या उजव्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि बोटं मिटून दिली. ती मिटलेली राहिली. आबा पुढं वाकले. हात खाटेवरून वर आला, थरथरला, आणि पान आबांच्या तळहातावर पडलं. "सोन्यासारखं ऱ्हावा," आबा म्हणाले. खरं तर ते आईनं म्हणायचं होतं. त्या दिवशी सुमननं बासुंदी केली आणि मालूकाकूंना दोनदा वाढली.

दिवाळीला दोन आठवडे असताना एका शनिवारी, बाई व्यायाम उरकून मलमाचं झाकण लावत असताना, आई बोलली. आधी घशातून आवाज आला. मग ओठ हलले.

"खा... डा."

बाईंना वाटलं काही खायला हवं आहे. "काय खायचंय आजी?"

आईनं डावा हात उचलला आणि बोट बाईंकडे केलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. मग पुन्हा म्हणाली, आता तुटक नाही, "खाडा."

आबांनी बाईंना जिन्यापर्यंत पोचवलं. परत येऊन ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आठ दिवस सोडलं तर सांधा आखडतो. मिळवलेलं सगळं जाईल असं नाही, पण जे जाईल ते परत यायला फार वेळ लागतो. या वयात आलं तर.

हे मी घरात सांगितलं. सुमनही तेव्हा राहायला आलेली होती. ती खाटेजवळ खाली बसली.

"आये, गोळीचा खाडा केलतास. काय झालं बघितलंस न्हवं?"

आई भिंतीकडे बघत होती.

"आये, तुला इचारती मी."

"नगं तरास दिऊ तिला," आबा म्हणाले.

"मग तुम्ही सांगा की तिला! सगळा जलम मान हलवत ऱ्हायलासा. आबा, ह्यो हात हाय तिचा. हिंगाची डबी न्हवं!"

"ठावं हाय मला."

"मग?"

"ती दोन म्हयन्यानं बोलली सुमे." आबांचा आवाज चढला होता. "दोन म्हयन्यानं येक गोष्ट मागितली. न्हाय म्हणू व्हय मी?"

मी आबांना बाईंचं म्हणणं पुन्हा एकदा, शब्दाला शब्द, सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मालूकाकू दारात येऊन उभ्या होत्या, त्या न विचारताच परत गेल्या.

सोमवारी बाई आल्या नाहीत. मंगळवारी आल्या नाहीत. मलमाचा वास दोन दिवसांत खोलीतून गेला. आई सकाळच्या त्या वेळी जागी असायची. खालून स्कूटरचा आवाज आला की तिचे डोळे दाराकडे जायचे आणि स्कूटर पुढं निघून गेली की परत यायचे. गुरुवारी आबांनी स्वतःच तिचा हात मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला. तिनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरून बाजूला केलं. "न्हाय," ती म्हणाली. खाडा मोडू द्यायचा नव्हता. शुक्रवारपासून उजव्या हाताची बोटं आत वळलेली दिसू लागली. आंघोळ घालताना बगलेत पाणी पोचवण्यासाठी सुमनला हात दोन्ही हातांनी दूर करावा लागत होता.

पुढचा सोमवार आला. संध्याकाळी मी चहा केला. आबांनी आईला उशीला टेकवून बसवलं. सुमन पायाशी होती. आईनं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि वाट पाहत राहिली. प्रश्न विचारायचा होता आणि तो तिला विचारता येत नव्हता, हे आबांच्या लक्षात आलं.

"पडला का फरक?" त्यांनी विचारलं.

आईनं मान खाली करून उजव्या हाताकडे पाहिलं. तिनं तो उचलायचा प्रयत्न केला. खांदा वर आला. गळ्याची शीर ताणली गेली. हात चादरीवर थोडा सरकला, चादरीला चुणी पडली, आणि तो तिथंच राहिला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. हे आम्ही तिघांनीही पाहिलं.

"न्हाय," आई म्हणाली.

"आये..." सुमन म्हणाली.

आबा वाकले. "न्हाय पडला?"

"न्हाय."

आबांनी चहाची बशी तिच्या ओठांना लावली. ती प्यायली. सुमन सातच्या बसनं कबनूरला गेली.

मंगळवारी सकाळी बाईंचाच फोन आला. उद्यापासून येऊ का, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, घरात विचारून कळवतो.

हे लिहीपर्यंत त्यांनी कळवलेलं नाही.